रक्त न येणारी हिरडी

मुखात उद्भवणाऱ्या रोगांची गणना करताना सुश्रुताने एकंदर ६५ रोग सांगितले असून त्यांपैकी केवळ ८ दातांचे आणि १५ दंतमूलांचे, म्हणजे हिरड्यांचे, मानले आहेत. आपला लौकिक व्यवहार नेमका याच्या उलट चालतो. दाताच्या कळेने रात्र तळमळून काढलेला मनुष्य सकाळी तालुक्याचा रस्ता धरतो. पण हिरडी सुजली, तिच्यातून रक्त आले, तोंडाला वास सुटला, एवढ्या कारणासाठी कामाचा दिवस मोडणारा मनुष्य परभणी जिल्ह्यात तरी विरळाच. सुश्रुताच्या यादीतील पहिला हिरडीरोग ‘शीताद’ हा आहे: विशेष कारण नसताना रक्त येऊ लागते, हिरड्या काळसर, ओलसर व मऊ होतात, त्यांना दुर्गंधी सुटते आणि हळूहळू त्या झडू लागतात. दात हलू लागण्याचे लक्षण पुढे ‘उपकुश’ या रोगात येते. रक्त आधी आणि दात हलणे मागाहून, हा क्रम आजच्या दंतवैद्यकासही मान्य आहे; परंतु हा क्रम बिघडविणारा, म्हणजे रक्त दिसू न देता दात हलविणारा, एक पदार्थ सुश्रुताच्या काळी या भूमीत नव्हता.

तो पोर्तुगीजांच्या गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि तेथून दख्खनेत पसरला. अकबराच्या दरबारी तंबाखू पोचली ती सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी, विजापुराहून परतलेल्या असदबेगाच्या सामानातून. तेव्हा निदान या एका व्यसनात तरी दख्खनेने उत्तरेला धडा दिला असे म्हणावयास हरकत नाही. १६१७ साली जहांगिराने तंबाखूबंदीचे फर्मान काढले. फर्मान दप्तरात राहिले आणि तंबाखू रयतेच्या चंचीत. पुढे मराठवाडा निजामी अंमलात असताना खुद्द हैदराबादेत तयार होणारी चारमिनार सिगारेट शिकलेल्या व नोकरीपेशातील लोकांच्या खिशात आली. विडी आणि चिलीम शेतकऱ्याकडे राहिली. आणि चुना मळून खाल्लेली तंबाखू मात्र सर्वांची झाली. आज पूर्णा जंक्शनच्या फलाटावर, मानवतच्या कापसाच्या बाजारात किंवा गंगाखेडच्या गोदाघाटावर घटकाभर उभे राहिले, तर तळहातावर अंगठ्याने तंबाखू मळून, वरचा चुना फुंकून, खालच्या ओठाआड ‘बार भरणारे’ पुरुष मोजता मोजता कंटाळा येईल. स्त्रिया मात्र या गणतीत दिसणार नाहीत, आणि त्या दिसत नाहीत म्हणून त्या तंबाखूच्या अमलाबाहेर आहेत असा समज करून घेणे, ही या विषयातील पहिली व सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

प्रौढांच्या तंबाखूसेवनाची २०१६–१७ साली जी देशव्यापी पाहणी झाली, तिच्यात महाराष्ट्रातील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण शेकडा ६ आणि स्त्रियांचे शेकडा १.४ असे निघाले. एवढेच आकडे पाहून थांबणारा वाचक समाधानाने वही मिटील. पण त्याच पाहणीत धूरविरहित तंबाखूचे सेवन करणारे पुरुष शेकडा ३१.७ आणि स्त्रिया शेकडा १६.६, म्हणजे राज्यातील जवळजवळ दर सहा स्त्रियांमागे एक, अशी नोंद आहे. हा स्त्रियांचा आकडा मुख्यतः कोठून येतो हे सांगण्यास कोणा तज्ज्ञाची गरज नाही; मराठवाड्यातील कोणत्याही वाडीवर पहाटे परसात जाऊन मिसरी लावणाऱ्या बाया पाहिल्या तरी पुरे.

मिसरी भाजताना ज्याने एकदा पाहिली, त्याच्या मनात तिच्याविषयी औषधाचा भ्रम राहू नये. पण तो राहतो खरा. रोजच्या स्वयंपाकातून बाद केलेला जुना तवा चुलीवर ठेवून त्यावर तंबाखूची पाने पसरतात आणि ती पुरती काळी पडेपर्यंत मंद जाळावर भाजतात. या वेळी उठणाऱ्या धुराने पोरे खोकत अंगणात पळतात आणि भाजणारी बाई पदराने नाक झाकून, डोळे पुशीत, उलथन्याने पाने वरखाली करीत राहते. निवलेली पाने चुरून वस्त्रगाळ केली की काळी भुकटी होते, आणि ती एखाद्या जुन्या डबीत भरली जाते. पहाटे उठल्यावर डाव्या तळहातावर चिमूटभर मिसरी घ्यावयाची, उजव्या हाताच्या तर्जनीने ती दातांवर व त्याहूनही अधिक हिरड्यांवर फिरवावयाची, आणि चूळ न भरता ती तशीच तोंडात धरून झाडलोट, शेणगोठा व चूल पेटविणे ही कामे उरकावयाची, अशी रीत आहे. दात घासण्यास दोन मिनिटे पुरतात. मिसरीचा मुक्काम तोंडात अर्धा-अर्धा तास असतो, आणि दुपारी व निजण्यापूर्वी तो पुन्हा पडतो. जिची तर्जनी कायमची काळसर झाली आहे अशी म्हातारी विचारल्यावर निःशंकपणे सांगते, “मी तंबाखूला शिवत नाही बापा, नुसती मिसरी लावते.” तिच्या दृष्टीने हे खोटे नव्हे. कोणाला कोवळ्या वयात दाढ दुखली म्हणून आजीने लावून दिलेली असते, कोणाला पोट साफ होत नाही म्हणून, तर कोणाला पहिल्या गरोदरपणात मळमळ थांबावी म्हणून. व्यसनाच्या दारातून तिच्या घरी तंबाखू आलेलीच नसते.

आता हिरडीत घडते काय ते पाहू. दाताच्या मुळाशी, हिरडीच्या कडेला, लाळ व अन्नकण यांचा एक चिकट थर अहोरात्र जमत असतो आणि त्यात कोट्यवधी जंतू वस्ती करून असतात. हा थर काढला नाही तर काय होते, याचा निर्णायक प्रयोग १९६५ साली डेन्मार्कमधील आर्हुस येथे हॅराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना, ज्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते, त्यांनी दात घासणे बंद करावयास सांगितले. १० ते २१ दिवसांच्या आत प्रत्येकाच्या हिरड्या सुजून त्यांतून रक्त येऊ लागले, आणि घासणे पुन्हा सुरू करताच त्या पूर्ववत झाल्या. येथवरचा रोग हा असा उलटविता येण्याजोगा असतो. थर तसाच राहिला तर तो लाळेतील क्षारांनी घट्ट होऊन त्याचे किटण बनते, हिरडी दातापासून सुटू लागते, दोहोंमध्ये फट पडते, आणि त्या फटीच्या तळाशी ज्या हाडात दात रोवलेला असतो ते हाड झिजू लागते. दंतवैद्य मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक, बोथट टोकाची सळई या फटीत हलकेच घालून तिची खोली मोजतात. एक ते तीन मिलिमीटर ही निरोगी मर्यादा, आणि त्यापुढे काळजीचे कारण. झिजलेले हाड आपोआप पुन्हा भरून येत नाही, आणि शस्त्रक्रियेनेही ते सर्वस्वी पूर्वीसारखे क्वचितच होते.

या साऱ्या प्रकरणात रक्त येणे हे गावच्या जागल्याच्या हाळीसारखे असते, आणि निकोटिन त्या जागल्याचेच तोंड दाबते. निकोटिनाने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे सुजलेल्या हिरडीतही जितके रक्त यावयास हवे तितके येत नाही, लालीही दिसत नाही. उलट हिरडी फिकट, जाडसर, घट्ट व वरवर पाहता निरोगी भासते. त्याच वेळी जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींचे बळ खचते आणि हिरडीचे धागे पुन्हा विणणाऱ्या पेशींना दाताच्या मुळाशी नीट चिकटता येत नाही. म्हणजे रोग वेगाने वाढतो आणि त्याची खबर मात्र कमी होत जाते. धूम्रपान करणाऱ्याच्या तोंडात दंतवैद्याची सळई पाच-सहा मिलिमीटर खोल उतरते आणि तिच्यामागे रक्ताचा थेंबही उमटत नाही, असा प्रसंग या शास्त्रातील जाणकारांना परिचित आहे.

धूम्रपान आणि हिरडीरोग यांचा संबंध पद्धतशीरपणे मांडणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत येन्स यॉर्गेन पिंडबोर्ग यांचे नाव घ्यावे लागते. डॅनिश नौसैनिकांच्या हिरड्या तपासून त्यांनी १९४७ साली तंबाखू व हिरडीदाह यांवर निबंध प्रसिद्ध केला. हेच पिंडबोर्ग पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत फली मेहता यांच्याबरोबर भारतीय खेड्यांतील तोंडे तपासण्याच्या कामी लागले, आणि महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या मुखतपासणीचा त्यांचा अहवाल १९७२ साली बाहेर पडला. त्या पाहणीचा रोख कर्करोग व त्याच्या पूर्वावस्था यांवर होता. हिरडीचा रोग मारक नव्हे म्हणून त्याला तेवढे अगत्य मिळाले नाही, हे समजण्याजोगे असले तरी खेदाचे आहे. अमेरिकेत १९८८ ते १९९४ या काळात झालेल्या राष्ट्रीय आरोग्य-पाहणीची छाननी २००० साली प्रसिद्ध झाली, तीत धूम्रपान करणाऱ्यास हिरडी व हाड यांचा रोग होण्याची शक्यता कधीही न ओढणाऱ्याच्या सुमारे चौपट आढळली, आणि अशा एकूण रोग्यांपैकी निम्म्याहून अधिकांचा रोग आजच्या किंवा पूर्वीच्या धूम्रपानाच्या खाती जमा करावा लागला. दिलासा एवढाच की सोडल्यावर धोका वर्षागणिक उतरत जातो आणि अकरा वर्षांनी तो जवळजवळ न ओढणाऱ्याच्या पातळीला येतो.

धूर नसलेल्या तंबाखूचा मामला थोडा निराळा आहे. बार जेथे धरला जातो नेमकी तेथील हिरडी दाताच्या मुळापर्यंत खाली सरकते, मूळ उघडे पडते, थंड पाण्याने कळ येते, आणि शेजारच्या गालाच्या किंवा ओठाच्या अस्तरावर पांढरा चट्टा उमटतो. मिसरी एका जागी न धरता सर्व हिरड्यांवर चोळली जात असल्याने तिचा घासही सर्वत्र पडतो. शिवाय भाजण्याच्या क्रियेत तंबाखूत मुळात असलेल्या विषांत जळण्यातून निर्माण होणाऱ्या बेंझोपायरिनसारख्या कर्करोगकारक द्रव्यांची भर पडते. चूल ते दंतमंजन हा प्रवास तंबाखूला सौम्य करीत नाही.

मग स्त्री आणि पुरुष यांच्या हिरड्यांत भेद आहे की नाही? पाश्चात्त्य देशांतील उत्तर सरळ आहे. अमेरिकेच्या २००९–१० च्या पाहणीत तिशीपुढील पुरुषांपैकी शेकडा ५६.४ आणि स्त्रियांपैकी शेकडा ३८.४ यांना हाडापर्यंत पोचलेला हिरडीरोग होता. कारणे अशी सांगतात की पुरुष अधिक ओढतात, दात कमी निगुतीने घासतात आणि दंतवैद्याकडे जाण्याचा कंटाळा करतात. या तिन्हींचा हिशेब वजा केल्यावरही जो थोडा फरक उरतो तो देहाच्या प्रतिकारशक्तीतील स्त्री-पुरुष भेदाचा असावा. आता हीच कारणे उचलून जिंतूर किंवा पालम तालुक्यात लावून पाहा. येथे स्त्री विडी ओढत नाही, पण मिसरी लावते. आणि दंतवैद्याकडे न जाण्याच्या बाबतीत ती पुरुषाच्या पुढे आहे, कारण पुरुष निदान बाजारच्या दिवशी तालुक्याला जातो, तर तिच्या वाट्याला त्यासाठी लागणारा वेळ, सोबत आणि पैसा हे तिन्ही एकदम क्वचितच येतात. जे दोन मुद्दे तिकडे स्त्रीच्या पारड्यात पडले, ते इकडे निघून गेलेले आहेत. परदेशी पाठ्यपुस्तकातील ‘पुरुष हा अधिक धोक्याचा’ हे वाक्य मराठवाड्यात जसेच्या तसे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याची कीव येते.

शिवाय स्त्रीच्या हिरडीवर निसर्गाची काही निराळी वसुली असते. वयात येताना व गरोदरपणी शरीरातील संप्रेरके वाढतात तेव्हा हिरड्या त्याच थोड्याशा मळालाही अधिक जोराने उत्तर देतात. शिवाय काही विशिष्ट जंतूंना तीच संप्रेरके पोषक ठरतात. दुसऱ्या महिन्यापासून हिरड्या सुजू लागून आठव्या महिन्याच्या सुमारास त्याचा कळस होतो, आणि तोंड स्वच्छ ठेवले तर बाळंतपणानंतर बहुतांश सूज ओसरते. गावात मात्र ‘दिवस गेल्यावर हिरडीतून रक्त यायचंच’ असे म्हणून हे लक्षण सोडून दिले जाते, किंवा, जे अधिक वाईट, त्यावर मिसरी लावली जाते. रक्त थांबते, आणि ज्याने थांबविले त्याचाच लौकिक वाढतो. ही किंमत केवळ आई देत नाही. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, त्यातील धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या, ज्यांत मिसरीवाल्याच पुष्कळ होत्या, अशा मातांच्या बाळांचे वजन इतरांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले.

पाळी जाण्याच्या वयात दुसरी वसुली येते. इस्ट्रोजेन घटल्याने सबंध सांगाड्याबरोबर जबड्याचे हाडही विरळ होत जाते, आणि अगोदरच पोखरलेल्या दंतमूलांना ते झेपत नाही. येथे एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची जोडपी मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात; तेथे पहाटे तीनच्या सुमारास उठून फडात शिरणाऱ्या बाईला भूक व शीण मारण्यासाठी मिसरीइतके स्वस्त साधन दुसरे नसते. शेजारच्या बीड जिल्ह्यातील अशा तोडकरी बायांवर तरुण वयातच झालेल्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. अशा शस्त्रक्रियेत गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले असतील, तर पन्नाशीत येणारी हाडांची झीज पस्तिशीतच सुरू होते. त्या चर्चेत हिरड्यांचा उल्लेख कोणी केल्याचे ऐकिवात नाही. त्या गदारोळात तो होणेही कठीण होते. पण चाळिशीत दात गमावून बसलेल्या बाईला भाकरी पाण्यात भिजवून खावी लागते, आणि ज्वारीची कडक भाकरी, भुईमुगाचे दाणे, कच्चा कांदा हे तिच्या ताटातून एकेक करून उठत जातात, हे आहाराच्या प्रश्नाचेच एक अंग आहे.

व्यसन सोडू पाहणाऱ्याच्या मार्गात हिरडीच एक चमत्कारिक अडथळा आणते, आणि तो ठाऊक नसल्याने अनेकांचे निश्चय मोडतात. लंडन येथील एका छोट्या अभ्यासात धूम्रपान सोडलेल्यांच्या हिरड्या चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासल्या, तेव्हा रक्त येणाऱ्या जागांचे प्रमाण सुमारे दुपटीवर गेलेले आढळले. याचा अर्थ रोग बळावला असा नव्हे. दाबलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या झाल्या आणि पूर्वीपासून असलेली सूज दिसू लागली, एवढाच. ‘मिसरी सोडली की हिरड्या फुगतात आणि रक्त येतं, म्हणून परत धरली’ ही जी कैफियत खेड्यातील बायांकडून नेहमी ऐकू येते, तिचा उलगडाही याच वाटेने होत असला पाहिजे, कारण निकोटिन विडीतले असो की डबीतले, रक्तवाहिनीला ते सारखेच. तेव्हा सोडणे आणि हिरड्यांची सफाई या गोष्टी एकाच वेळी झाल्या पाहिजेत. किटण काढून घेतले, मऊ ब्रशाने सकाळी व विशेषतः रात्री निजताना हिरडीच्या कडेशी दात घासले, तर हे रक्त काही आठवड्यांत थांबते. आणि या खेपेस ते खऱ्या कारणाने थांबलेले असते. किटण काढल्याने दात खिळखिळे होतात हा समज दृढ असला तरी निराधार आहे. किटणाने सांधलेले दात मोकळे झाल्यावर ते मुळात किती हलत होते हे उघडकीस येते, एवढेच.

कायद्याने आपले काम थोडेफार केलेले आहे. दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ साली मनाई केली, सार्वजनिक जागी धूम्रपानास २००८ सालापासून बंदी आहे, आणि महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्याची विक्री बंद केली, जरी त्या बंदीची अंमलबजावणी किती कडक आहे हे कोणत्याही टपरीसमोरची जमीन पाहून ठरविता येते. पण घरच्या चुलीवर, घरच्या तव्यात भाजल्या जाणाऱ्या मिसरीपर्यंत कोणत्याही कलमाचा हात पोचत नाही, आणि पोचावा अशी अपेक्षाही करू नये. तेथे पोचू शकते ती आशा ताई, अंगणवाडीची बाई, प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिका. परभणी शहरात सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय आहे, जिल्हा रुग्णालयात दंतविभाग आहे. म्हणजे तपासणारे हात या जिल्ह्यात नाहीत असे नव्हे, त्या हातांपर्यंत बाई पोचत नाही.

म्हणून या सर्वांना एकच विनंती करावीशी वाटते. गरोदर स्त्रीची नोंदणी करताना, शिबिरात तोंड तपासताना किंवा केसपेपर भरताना “तंबाखू खाता का?” एवढ्यावर थांबू नये, कारण त्याचे उत्तर ‘नाही’ असे येईल आणि ते प्रामाणिक असेल; “मिसरी लावता का, दिवसातून किती वेळा, आणि किती वर्षांपासून?” असे विचारावे, आणि हिरडीतून रक्त येत नाही म्हणून तिला निरोगी ठरवून परत पाठवू नये. सोडण्याची इच्छा असलेल्या स्त्रीस किंवा पुरुषास १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर विनामूल्य सल्ला मिळतो.